स्वच्छतेनंतरचा ताप

साखर कारखान्यांचा गाळप हंगाम उरकत आला, फडांत पेटवलेल्या पाचटाची काजळी अंगणात उतरायची थांबली आणि मार्चअखेरीच्या हिशेबांचा तगादा सरला, म्हणजे सांगली-साताऱ्याकडील कितीतरी घरांत, पतसंस्थांत, सेवा केंद्रांत आणि शाळांच्या संगणककक्षांत वर्षभर धूळ खात पडलेल्या संगणकाची आठवण होते. कोणी होतकरू चिरंजीव किंवा कचेरीतील एखादा हुन्नरी कारकून स्क्रूड्रायव्हर घेऊन कॅबिनेट उघडतो, ब्लोअरने धूळ उडवतो, हीटसिंक उतरवून त्याच्या पात्यांतील मळ झाडतो, सर्व काही पूर्ववत जोडतो, आणि मग जे घडते ते त्या भल्या गृहस्थाच्या अपेक्षेच्या नेमके उलट असते. धुळीने माखलेला असताना कसाबसा चालणारा संगणक स्वच्छ झाल्यावर पाच मिनिटांत तापू लागतो, पंखा घोंघावतो, काम मंदावते आणि पुष्कळदा यंत्र आपण होऊन बंदच पडते.

अशा वेळी प्रोसेसर जळाला, असा निकाल देऊन मोकळे होणारे लोक पुष्कळ भेटतात, आणि त्या निकालावर विसंबून नवा प्रोसेसर किंवा नवा मदरबोर्ड विकत घेणारेही भेटतात. आमच्या मते हा निकाल दहांतून नऊ वेळा चुकीचा असतो. साफसफाईपूर्वी नसलेला दोष साफसफाईनंतर उपजला असेल, तर जेथे जेथे हात लागला तेथे तेथे आधी शोध घ्यावा, हा कोणत्याही तपासाचा पहिला शिरस्ता होय. आणि हीटसिंक उतरवणाऱ्याचा हात ज्या एका नाजूक सांध्याला लागतो तो म्हणजे प्रोसेसरची पाठ आणि हीटसिंकचा तळ यांमधला सांधा. तेव्हा संशयाचा रोख प्रथम तेथेच ठेवावा, आणि त्या संशयाची खातरजमा करताना तापमान किती चढले यापेक्षा ते किती वेगाने चढले याकडे लक्ष द्यावे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपाद्य आहे.

हा सांधा एवढा नाजूक का, हे समजून घेतल्यावाचून पुढची खटपट आंधळी ठरेल. साध्या घरगुती संगणकाचा प्रोसेसर भरात असताना ६५ वॉट किंवा त्याहून अधिक शक्ती खर्चतो, आणि ती सर्वच्या सर्व उष्णतेच्या रूपाने अंगठ्याच्या नखाच्या हिशेबात मोजावी एवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. ती वाहून नेणारा हीटसिंक तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा असतो. परंतु धातूचे दोन पृष्ठभाग डोळ्यांना कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्मदृष्ट्या खडबडीतच असतात, आणि त्यांना नुसते एकमेकांवर टेकवले तर मधल्या खळग्यांत हवा राहते. तांबे हवेपेक्षा सुमारे सोळा हजार पट अधिक उष्णता वाहते, यावरून त्या हवेचा अडसर केवढा, याची कल्पना करावी. थर्मल पेस्ट म्हणून जो लेप मध्ये लावतात तो हवेच्या शंभर-दोनशे पट सरस, पण तांब्याच्या मानाने पुन्हा शंभर पट निकृष्ट. म्हणूनच त्याचे काम केवळ खळगे भरण्याचे, आणि जेथे धातूला धातू भिडू शकतो तेथून निमूट बाजूला सरण्याचे. लेप मुळीच नसणे घातक आहे. तो लोण्यासारखा थापणे हीदेखील सुज्ञता नव्हे.

आता मूळ कोड्याचा उलगडा होतो. चार-पाच वर्षांत तो लेप वाळून खडूसारखा झालेला असतो, तरी जोवर हीटसिंक जागचा हलत नाही तोवर वाळलेल्या स्थितीतही तो खळग्यांत घट्ट बसून आपले काम बजावत राहतो. साफसफाईसाठी हीटसिंक उचलला की तो कवच फुटावे तसा भंगतो, आणि पुन्हा त्याच भग्न लेपावर हीटसिंक ठेवला, तर तो पूर्वीच्या खळग्यांत कधीच नेमका बसत नाही. धूळ गेली खरी, पण धुळीपेक्षा मोठा अडसर सांध्यात येऊन बसला. ज्याने हीटसिंक उतरवला त्याने जुना लेप पूर्णपणे पुसून नवा लावलाच पाहिजे, याला अपवाद नाही. ज्याच्यापाशी नवी पेस्ट नसेल त्याने हीटसिंक उतरवूच नये. जागच्या जागी ब्रशने आणि हवेने पाती साफ करावीत, आणि तेवढ्याने बहुधा भागते.

घाबरण्याचे मात्र कारण नाही. २००१ साली टॉम्स हार्डवेअर या प्रकाशनाने चालत्या संगणकांवरून हीटसिंक उतरवण्याचा एक प्रयोग केला होता; त्यात एएमडीचा अ‍ॅथलॉन पाहता पाहता धूर सोडून निकामी झाला आणि इंटेलचा पेंटियम ४ मात्र गती कमी करून तगून राहिला. त्यानंतर हा बंदोबस्त सर्वत्र झाला. आजचे बहुतेक प्रोसेसर १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचताच आपली गती स्वतःच उतरवतात, आणि तरीही उष्णता आवरली नाही तर वीजपुरवठा तोडून घेतात. म्हणजे अचानक बंद पडणे हा त्याच्या मृत्यूचा दाखला नसून आत्मरक्षणाचा आहे. परंतु या सोयीचा गैरफायदा घेऊन पुन्हा पुन्हा चालू करीत राहण्याची हौस कोणी करू नये.

तपासाला बसताना कागद-पेन जवळ घ्यावे. खोलीचे तापमान प्रथम लिहावे, कारण हीटसिंक कितीही उत्तम असला तरी प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करण्याचे सामर्थ्य त्याच्यात नाही, आणि हवा जितके अंश चढेल साधारण तितकेच अंश प्रोसेसरही चढतो. साताऱ्यात पौषातल्या सकाळी २० अंशांच्या खोलीत भर कामात ६५ अंश दाखवणारा संगणक वैशाखात सांगलीच्या पत्र्याखालच्या गाळ्यात, ४० अंशांच्या हवेत, ८५ दाखवू लागला, तर त्यात कोणाचा कसूर नाही. जत-आटपाडीकडे किंवा माण-खटावात हा हिशेब तर वरचेवर करावा लागेल. साफसफाई बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर होते आणि तिच्यामागोमाग ऊन वाढते, म्हणून ऋतूचा दोष हाताच्या माथी येतो, असेही आम्ही पाहिले आहे.

त्यानंतर संगणक सुरू करून बायोसमध्ये जावे, तेथे प्रोसेसरचे तापमान आणि त्याच्या पंख्याचे मिनिटाचे फेरे दोन्ही दिसतात. पंखा फिरतच नसेल तर तत्क्षणी यंत्र बंद करावे. बायोसमध्ये प्रोसेसर पूर्ण विश्रांतीत नसतो, त्यामुळे तेथील आकडा विंडोजमधील निवांत स्थितीपेक्षा काहीसा अधिक दिसतो, हे ध्यानात ठेवावे. मग विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो किंवा कोअर टेम्प यांसारखे तापमान दाखवणारे साधन उघडून दहा मिनिटे काही न करता थांबावे, आकडा लिहावा, आणि एखादी मोठी चित्रफीत दुसऱ्या स्वरूपात बदलण्याचे किंवा मोठा फोल्डर झिप करण्याचे जड काम देऊन घड्याळाकडे पाहत बसावे.

येथे खरी परीक्षा आहे. काम देताच दोन-चार सेकंदांत आकडा ४५ वरून एकदम ९५ वर उसळला, आणि काम थांबवताच तितक्याच तडकाफडकी खाली कोसळला, तर दोष सांध्यात आहे असे निःशंक समजावे. कारण हीटसिंकचा अर्धा-पाऊण शेर धातू तापायला मिनिटे लागतात, आणि सेकंदांत चढलेला आकडा याचा अर्थ उष्णता त्या धातूपर्यंत पोहोचतच नाही. याची दुसरी साक्ष बोटांनी घेता येते. पंख्याच्या पात्यांपासून दूर राहून हीटसिंकच्या कडेला बोट लावावे. आकडा ९५ सांगत असता धातू कोमटच लागला, तर पुढे आणखी पुराव्याची गरज नाही. याउलट आकडा दहा-पंधरा मिनिटे सावकाश चढत राहिला आणि हीटसिंकही हात लावू देईना, तर सांधा ठीक आहे, उष्णता धातूत उतरते आहे, पण ती बाहेर नेणारी हवा कमी पडते आहे. मग पंखा, त्याची दिशा, कॅबिनेटची जाळी यांकडे वळावे. आणि काही काम दिलेले नसतानाच आकडा ७० च्या वर असेल, तर प्रोसेसर खरोखर रिकामा आहे की पडद्यामागे विंडोजचे अद्यतन, व्हायरसची तपासणी किंवा एखादा उपद्रवी प्रोग्राम त्याला राबवतो आहे, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे. साफसफाई आणि अद्यतन एकाच दिवशी घडल्याने निर्दोष हातावर आळ आल्याची उदाहरणे थोडी नाहीत.

सांध्याचा दोष निश्चित झाला, तर प्लग काढावा, पॉवरचे बटण काही क्षण दाबून धरावे म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल, कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगातील स्थिर विद्युत् उतरवावी, आणि मगच हीटसिंक काढावा. एएमडीच्या २०२२ पूर्वीच्या बहुतेक घरगुती प्रोसेसरांना खालच्या अंगास बारीक पिना असतात, आणि पेस्टच्या चिकटपणामुळे हीटसिंक उचलताना प्रोसेसरही त्याच्याबरोबर सॉकेटमधून उपटून येतो; तेव्हा आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट मऊ करावी, मग बंद करून हीटसिंक डाव्या-उजव्या बाजूस हलकेच फिरवीत सैल करावा. सरळ वर ओढू नये. वाकलेली पिन सरळ करण्याचे काम घड्याळजीच्या धीराचे आहे, आणि तो धीर आपल्यापाशी आहे असा प्रत्येकाचाच समज असतो.

हीटसिंक निघाल्यावर पुसण्याची घाई न करता आधी त्याच्या तळाकडे आणि प्रोसेसरच्या पाठीकडे नीट पाहावे. किर्लोस्करवाडीला १९१० सालापासून वसलेल्या कारखानदारीत, किंवा कुपवाड-मिरजेच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांनी फिटरचे काम पाहिले आहे त्यांना ठाऊक असेल, की दोन पृष्ठभाग एकमेकांस नीट भिडतात की नाही हे पाहण्यासाठी एकाला निळा रंग लावून दुसरा त्यावर टेकवतात, आणि उमटलेल्या ठशावरून उंचवटा कोठे, खळगा कोठे, हे ओळखतात. पेस्टचा ठसा हेच काम विनामूल्य करतो. मध्यभागी लेप दाबून जवळजवळ पारदर्शक झाला असेल आणि कडेला थोडासा उतू आला असेल, तर दाब बरोबर होता. एका कोपऱ्यात जाड थर आणि समोरच्या कोपऱ्यात काहीच नाही, असे दिसले तर हीटसिंक तिरका बसला होता. लावलेला थेंब जसाच्या तसा गोल राहिला असेल, तर हीटसिंक प्रोसेसरला भिडलाच नव्हता. मध्ये एखादी वायर अडकली होती, किंवा खालची पट्टी चुकीच्या छिद्रांत बसवली गेली होती. आणि नवा हीटसिंक आणला असेल तर त्याच्या तळावरील पारदर्शक प्लास्टिकची चकती काढली होती ना, हेही पाहावे. ती तशीच ठेवून जोडणारे लोक जाणत्यांतही निघतात.

तिरकेपणाचा सर्वांत मोठा कारभारी म्हणजे इंटेलच्या हीटसिंकच्या चार कोपऱ्यांतील प्लास्टिकच्या दाबपिना, ज्या २००४ च्या सुमारास आल्या आणि अनेक पिढ्या टिकल्या. या पिनेच्या डोक्यावर बाण कोरलेला असतो. ती बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवली की सुटते, आणि पुन्हा बसवण्यापूर्वी ती उलट फिरवून मूळ स्थितीत आणावी लागते. बहुतेक जण हे विसरतात, आणि मग वरून कितीही जोर केला तरी पिन अडकत नाही. चारही पिना पूर्वस्थितीत आणून हीटसिंक सरळ उभा ठेवावा आणि कर्णरेषेतील समोरासमोरच्या दोन पिना एकदम दाबाव्यात, टक् असा आवाज यावा, मग उरलेल्या दोन. एवढ्यावर विश्वास न ठेवता मदरबोर्डच्या मागील बाजूस डोकवावे: पांढऱ्या प्लास्टिकची दुभंगलेली टोके चारही छिद्रांतून बाहेर आलेली आणि त्यांच्यामध्ये काळी पिन शिरलेली दिसली पाहिजे. त्यासाठी मदरबोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढावा लागला तरी हरकत नाही. एखाद्या पिनेचे टोक झिजले किंवा तुटले असेल, तर दोरा-तार बांधून वेळ मारून नेऊ नये. अशा पिनांचा सुटा संच अल्प किमतीत मिळतो. स्क्रूचा हीटसिंक असेल तर एकही स्क्रू एकदम पूर्ण आवळू नये. प्रत्येकाला एक-दोन फेरे देत, कर्णरेषेने, चारही बरोबरीने खाली आणावेत.

लेप पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सोडणारे कापड घ्यावे. हाताला चोळण्याच्या सॅनिटायझरने पुसू नये, त्यातील ग्लिसरीन पृष्ठभागावर राहते. पुसलेल्या जागेला बोट लागू देऊ नये. मग मध्यभागी वाटाण्याहून लहान थेंब ठेवावा आणि पसरवण्याचे काम हीटसिंकच्या दाबावर सोपवावे. आकाराने मोठ्या प्रोसेसरला थेंब थोडा वाढवावा. एकदा टेकवलेला हीटसिंक पुन्हा उचलला, तर मध्ये हवेचे बुडबुडे शिरतात, म्हणून पुन्हा पुसून पुन्हा लावावे. द्रवधातूच्या नावाने जी महागडी पेस्ट मिळते तिच्या वाटेला नवशिक्याने जाऊ नये: ती वीजवाहक आहे, आणि अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकते.

सांधा निर्दोष ठरला तर पंख्याकडे यावे. त्याची वायर मदरबोर्डवर सीपीयू-फॅन असे छापलेल्या जागी आहे की घाईत कॅबिनेटच्या पंख्याच्या जागी खोवली, हे पाहावे; चुकीच्या जागी लावलेला पंखा फिरतो, पण प्रोसेसर तापल्याची वर्दी त्याला मिळत नाही, आणि तो आपल्या संथ गतीने फिरत राहतो. साफसफाईत मदरबोर्डवरील नाण्यासारखी बॅटरी काढली असेल, तर बायोसमधील पंख्याचे आणि शक्तिमर्यादेचे सर्व हुकूम रद्द होऊन मूळ अंमल सुरू झालेला असतो, आणि काही मदरबोर्डांचा मूळ अंमल प्रोसेसरला वाजवीपेक्षा अधिक वीज देण्याकडे झुकलेला असतो. घड्याळात चुकीची तारीख दिसली, तर ही शंका पक्की समजावी. कॅबिनेटचा पुढचा पंखा हवा आत आणतो आणि मागचा बाहेर काढतो, ही व्यवस्था काढून-जोडताना उलटली नाही ना, हेही पाहावे. बाजूचा पत्रा काढून तापमान आठ-दहा अंशांनी उतरले, तर हवेची वाट अडलेली आहे यात संदेह नको; पण पत्रा कायमचा काढून ठेवणे हा उपाय नव्हे, कारण या मुलखात त्या उघड्या अंगावर काय बसेल याचा नेम नाही.

या मुलखातील धुळीविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे. १९९८ साली वारणानगर परिसरात, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सुमारे सत्तर गावांत, ऊस उत्पादकांच्या सोयीसाठी संगणक बसवले गेले, आणि २००१ पासून एमएस-सीआयटीच्या निमित्ताने लहान लहान गावांत संगणककेंद्रे उभी राहिली. म्हणजे आपल्याकडील संगणक प्रथमपासूनच वातानुकूलित दालनात नव्हे, रस्त्याकडेच्या गाळ्यात वाढला. त्या गाळ्यात साखर कारखान्याच्या धुराड्यातून आणि पाचटातून येणारी काजळी उतरते, आणि सांगलीच्या मार्केट यार्डाच्या परिसरात हळदीची बारीक भुकटीही. कोरडी माती ब्रशने झडते. काजळी तेलकट असते, ती पात्यांना चिकटून बसते आणि नुसत्या हवेने उडत नाही, तिच्यासाठी अल्कोहोलमध्ये भिजवलेला मऊ ब्रश लागतो. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाहीतर ते भरमसाट वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते. आणि गॅरेजमधील कॉम्प्रेसरची हवा वापरू नये, तिच्याबरोबर पाण्याचे आणि तेलाचे कण येतात. वीजपुरवठा करणारा एसएमपीएसचा डबा मात्र कोणीही उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरांत जिवावर बेतेल एवढी वीज राहू शकते.

लॅपटॉपचे दुखणे तत्त्वतः हेच, परंतु हात अधिक जपून टाकावा लागतो. त्याच्या हीटसिंकच्या स्क्रूंपाशी १, २, ३, ४ असे आकडे बहुधा कोरलेले असतात, आणि आवळण्याचा क्रम तोच पाळावा. आसपासच्या मेमरीवर आणि वीज नियंत्रित करणाऱ्या भागांवर पेस्ट नसून रबरासारख्या मऊ चकत्या असतात; त्या फाटल्या म्हणून त्याहून जाड चकत्या बसवल्या, तर त्या हीटसिंकला वर उचलून धरतात आणि प्रोसेसरचा सांधा सुटतो. मूळ जाडीचीच चकती बसवावी. लॅपटॉपमध्ये भर कामात ९० अंशांपर्यंतचा आकडा अस्वाभाविक नाही. टेबलावरील संगणकात मात्र ८५ च्या आत राहावे, अशी अपेक्षा रास्त आहे. एएमडीच्या रायझेन ७००० मालिकेतील काही प्रोसेसर मोठा भार पडल्यावर ९५ पर्यंत जाऊन तेथे स्थिर राहण्यासाठीच घडवलेले आहेत, तेव्हा तो आकडा पाहून कोणी दुसऱ्यांदा हीटसिंक काढायला धावू नये.

इतके सारे यथायोग्य केल्यावर, नवा लेप लावून, ठसा तपासून, चारही कोपरे मागून पाहून झाल्यावरही आकडा दोन-चार सेकंदांत १०० ला भिडत असेल, तर तिसऱ्यांदा स्वतः उघडण्याच्या भरीस पडू नये. हीटसिंकचा तळ वाकलेला असू शकतो, किंवा त्याच्या तांब्याच्या नळीतील द्रव निघून गेलेला असू शकतो, आणि हे दोष घरी दुरुस्त होत नाहीत. तेथे दुसरा हीटसिंक लावून पाहणे हाच मार्ग, आणि तो दुरुस्तीवाल्यापाशी सहज असतो. त्याच्याकडे संगणक देताना खोलीचे तापमान, निवांत असतानाचा आकडा, भर कामातला आकडा व तो गाठायला लागलेले सेकंद, आणि पंख्याचे फेरे असे पाच आकडे चिठ्ठीवर लिहून द्यावेत, आणि प्रोसेसर बदलावा लागेल असे त्याने सांगितलेच, तर आधी दुसरा हीटसिंक लावून आपल्यासमोर हीच परीक्षा करून दाखवण्याचा आग्रह धरावा.